भोंग्याची डॉली

१ एप्रिल १९७४, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. कारणच तसं आहे. आमचे मॅनेजर साहेब सहकुटुंब दोन आठवडे बेंगलोरला गेले आणि त्यांची पामेरियन कुत्री डॉली दापोडीत माझ्या खोलीवर आली. हिंदुराव जळून खाक! फोरमनच्या हाताखालची चार्जहँडची जागा रिकामी आहे, लायनीत आम्ही दोघंच. आता जागा माझीच. कुत्री कसली, कापसाचा बोळा. पण लाडावलेली. जेवायला मनधरणी लागते म्हणे. शिस्त लावतो.

२ एप्रिल
महिनाभर सेकंड शिफ्ट, सकाळ मोकळी. ठरलं: कंपनीचा अकराचा भोंगा झाला की जेवण. भोंगा झाला. डॉली खाटेखाली. बायको म्हणाली, लेकराला कशाला भेवडवता. कौशल्याला शास्त्रीय पद्धत कळायची नाही.

६ एप्रिल
जमलं! भोंगा झाला आणि डॉली उड्या मारत आली. कौशल्या त्याच वेळी भाकऱ्या थापत होती, ये गं माझी बाय म्हणत होती. तिला वाटतं तिच्यामुळेच. वाटू दे.

११ एप्रिल, गुरुवार
कंपनीला सुट्टी, भोंगा नाही. तरी डॉली अकराला भाकरीच्या परातीपाशी हजर. भोंगा तिच्या रक्तात भिनला, असं कौशल्याला समजावलं. ती तोंडाला पदर लावून खोकली.

१४ एप्रिल
जयंतीची मिरवणूक. डॉली निळी रिबीन बांधून कौशल्याच्या कडेवर. लोक मला विचारत होते, कुत्री कुणाची. शेवटी माझीच म्हणालो.

१५ एप्रिल
डॉली चिंचवडला बंगल्यावर पोचवली. भोंग्याची पद्धत साहेबांना सविस्तर सांगितली. साहेब मान हलवत होते. चार्जहँड झाल्यात जमा.

१७ एप्रिल
सकाळीच निरोप. डॉली दोन दिवस उपाशी. असणारच! बंगल्यात भोंगा कुठे ऐकू येतो? तडक निघालो. कौशल्याही भाकरी बांधून हट्टाने आली. साहेबांच्या हॉलमध्ये मी अगदी बेंबीच्या देठापासून भोंगा दिला. डॉली सोफ्याखाली. परत दिला. शेजारी धावत आले. मग कौशल्याने नुसती हाक मारली. डॉली थेट तिच्या मांडीवर, अख्खी भाकरी फस्त. बाईसाहेबांचे डोळे भरले. पहिलं पिल्लू तुझं, असं त्यांनी कौशल्याला सांगितलं. साहेब माझ्याशी बोलले नाहीत. भारावले असणार.

२० एप्रिल
काल बोर्डावर नाव लागलं. हिंदुरावचं. सगळं राजकारण!
घरी करमत नाही. डॉलीची फार आठवण येते. पिल्लू आलं की शिस्त पहिल्या दिवसापासून लावणार, असं कौशल्याला बजावत होतो, तेवढ्यात अकराचा भोंगा झाला. ती एकदम हसायला लागली. का गं म्हणून विचारलं, तर म्हणाली, जरा स्वतःकडे बघा की.
बघितलं. मी ताट घेऊन तिच्या परातीपुढे बसलो होतो.