शिडाचा डोंगा आणि राकेशचे नाव

मी, दिवाकर नत्थूजी दिघोरे, वय एकोणपन्नास, नवा रायपूर येथील एका सरकारी कार्यालयात शिपाई, राहणार रायपूर, मूळ गाव वैनगंगेच्या काठी, जिल्हा भंडारा, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते हृदय. त्याची एक झडप सोमवारी बदलणार आहेत. डॉक्टर जे म्हणाले ते ऐकून माझी पत्नी कुसुम बाहेर जाऊन बसली. माझ्यावर कोणा जिवंत माणसाचा दबाव नाही.

१. राहते घर, मागचे अंगण, बँकेतली शिल्लक व नोकरीचे जे काही मिळेल ते सर्व कुसुमचे. तिच्या भावांनी सल्ला देऊ नये. शिलाई मशीन तिनेच लग्नात आणली होती, तरी लिहून ठेवतो.

२. अंगणात उलटा ठेवलेला पंधरा फुटी डोंगा. तो कोणाला द्यायचा हे सांगण्याआधी कबुली देतो. माझा धाकटा भाऊ राकेश याच डोंग्यातून पडून बुडाला, त्याला पाच वर्षे होत आली. पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सगळे म्हणतात, तो पिऊन होता. तो प्यालेला नव्हता. मला माहीत होते आणि मी गप्प राहिलो.

आमच्या बापाचा डोंगा एका खोडाचा, बांबूने ढकलायचा. त्यात बसायचा नियम एकच, बूड हलवायचे नाही. माझा डोंगा मी घरी केला. प्लायच्या पट्ट्या तांब्याच्या तारेने शिवल्या, सांध्यांवर काचेचे कापड चिकटवले, बांबूची डोलकाठी उभी केली. गोल बाजारातून आणलेल्या ताडपत्रीचे शीड कुसुमने शिवले. शिडाच्या डोंग्याचा नियम उलटा असतो. जिकडून वारा येतो तिकडे पटकन अंग टाकावे लागते. मी एकट्याने चार-पाचदा पाण्यात पडून हे शिकलो. राकेशला सांगितले नाही. नदीकाठच्या माणसाला काय शिकवायचे, असे वाटले.

त्या दिवशी अभनपूरपलीकडच्या तलावावर आम्ही दोघे डोंग्यात असताना वाऱ्याचा झोत आला. डोंगा कलला. मी वरच्या काठाकडे सरकलो. राकेश दोन्ही काठ धरून तळाशी घट्ट बसलेला, बापाने शिकवले तसा. मलाच म्हणाला, "दादा, हालू नको न गा." डोंगा उलटला. तो पोहणारा माणूस, पण शिडाच्या दोरीत पाय गुंतला. मी तीनदा बुडी मारली.

काठावर शेजारी श्यामराव आले होते. त्यांनी विचारले, "घेतली होती का गा त्यानं?" मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. तेवढ्यावर पाऱ्याने ठरवले. मागच्या वर्षी राकेशच्या मुलीचे, रुचिताचे, जुळलेले लग्न "बाप दारुडा होता" म्हणून मोडले. तेव्हाही मी घरात बसून राहिलो.

रोज सकाळी दिवा लावतो, हात जोडतो. देवाला सगळे ठाऊक आहे. पण देव पाऱ्यात जाऊन सांगत नाही.

३. डोंगा, रंधा, करवत व पटाशा रुचिताला. "मोठेबाबा, मुझे भी सिखाओ ना," असे ती दर उन्हाळ्यात म्हणते आणि मी दर उन्हाळ्यात काही ना काही काम काढतो. आता दोन्ही बाजूंना आडवे बांबू बांधून टोकांना बंद तोंडाचे जाड पाइप लावले आहेत, त्यामुळे तो सहज उलटणार नाही. तरी वर लिहिलेला नियम सांगितल्याशिवाय कोणाला त्यात बसवू नये. तिच्या आईला नको असेल तर त्याच करवतीने डोंगा कापावा. त्याबद्दल कोणी काही बोलू नये.

४. श्यामरावांना काही नाही. ते साक्षीदार आहेत, आणि माझी रंध्याची पाती तशीही त्यांच्याकडेच आहेत.

५. राकेशची पत्नी शेवंता हिच्या नावे मुद्दाम काही ठेवले नाही. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देऊ नये; आणि मला साक्ष तिचीच हवी. आमच्यात भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, भावसुनेशी समोरासमोर बोलत नाही. या रिवाजाआड मी पाच वर्षे लपलो. म्हणून हा कागद. तिने सही केली नाही तर बाकीच्या कलमांचे काय व्हायचे ते होवो, मला त्याची फिकीर नाही.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, खरे आहे.

दिवाकर नत्थूजी दिघोरे
रायपूर, शुक्रवार, १२ एप्रिल २०१९

साक्षीदार पहिला: श्यामराव लांजेवार (सही). वाचून सही केली. पाती परत करतो.

साक्षीदार दुसरी:
वाचलं. मेल्यावर काहाले, भाऊजी. सोमवारच्या आधी पाऱ्यात उभे राहून सांगा. मंग सही.

रविवारी सकाळी मंदिरापुढे सर्वांसमक्ष सांगितले. दिवाकर.

शेवंता राकेश दिघोरे (सही)
रविवार, १४ एप्रिल २०१९