जेद्दात रुखलचं नाव

गुरु., ४ सप्टेंबर २०२५
शस्त्रक्रिया लांबली, घरी उशीर. इराच्या वर्गात प्रत्येकाने घरातल्या जुन्या पिढीतल्या एकावर बोलायचंय. तिने ठरवूनही टाकलं: रुखलमावशी. माझ्या वडिलांची, अण्णांची मावशी; ताराआजीची धाकटी बहीण. अभय म्हणाला, त्यापेक्षा पणजोबांवर बोल, गिरणीतले रंगमास्तर, छान होईल. इरा: "पण पप्पा, ते तर म्हातारे होऊन गेले."

शुक्र., ५
सुट्टी. सोलापूरला अण्णांशी फोन, खूप वेळ. इरा विचारत होती, मीही ऐकलं. लहानपणी सगळं तुकड्यातुकड्यांत कळलेलं.
ताराआजी मूळची एस्तेरा. पोलंडमधल्या वूच शहरातली ज्यू मुलगी. (अण्णा अजून 'लोड्झ'च म्हणतात.) आजोबा कापड रंगवायचं शिकायला बर्लिनला गेलेले, ती तिथे टायपिस्ट. लग्न करून सोलापूरला आली. आई-वडील आणि रुखल मागे. लढाई लागली आणि जर्मनांनी शहरातल्या ज्यूंना एका कोपऱ्यात कुंपण घालून कोंडलं. घेट्टो. पत्रं बंद.
लढाई संपून काही वर्षांनी त्यांच्या गल्लीतला एकजण मुंबईत आल्याचं कळलं. आजी एकटी जाऊन भेटून आली. त्याने सांगितलं: तिचे वडील उपासमारीने गेले, मग आई. रुखल जर्मन सैनिकांसाठी गवताचे बूट विणायची, म्हणून टिकली. शेवटी तिलाही छळछावणीकडे जाणाऱ्या गाडीत चढवलं. पुढचं त्याला ठाऊक नव्हतं.
अण्णा म्हणाले, त्यांची आई मुंबईहून परत आली, अंघोळ केली, भाकरी थापायला बसली. रडली असेल तर मुंबईतच.

सोम., ८
अभयशी वाद. आवाज न चढवता. तो म्हणतो, पोलिश म्हणा, लढाईत गेली म्हणा, 'ज्यू' गाळा. इकामा, म्हणजे सौदीत राहायचा परवाना, दोघांच्या नोकऱ्या, इराची शाळा, त्यात रोजच्या गाझाच्या बातम्या. कोण काय अर्थ काढेल. भित्रा नाही तो, काळजी खरी आहे.
मी म्हटलं, "तो शब्द गाळला तर ती कशाने गेली म्हणून सांगायचं?"
त्याने उठून चहा ठेवला.
वर्गबाईंचा निरोप: घराण्यात कोणी स्वातंत्र्यसैनिक असतील तर बघा. नाहीत, कळवलं.

बुध., १०
बाहेरून कळण्यापेक्षा आपणच सांगावं. शस्त्रक्रिया आटोपल्यावर डॉ. हनानकडे गेले. विभागप्रमुख, जेद्दाच्याच. कॉफी, खजूर. इरा कोणावर बोलणार ते सरळ सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, गाझातली मुलं बघून त्यांना झोप लागत नाही. मी म्हटलं, मीही तेच बघते. "त्याच्यावर उत्तर म्हणून नाही सांगत. ती आमच्या घरातली होती, म्हणून."
"किती वर्षांची?"
"गाडीत चढवलं तेव्हा सव्वीस."
"नाव?"
"रुखल."
त्यांनी म्हणून पाहिलं. 'ख' अगदी घशातून. आमच्या कोणालाच तसा जमत नाही. ताराआजीचा तसाच होता.
म्हणाल्या, मुलगी तुमची, मी ऐकलं, खलास, म्हणजे विषय संपला. होकार की नुसतं ऐकणं, कळलं नाही. पण पाठ ताठ ठेवून बाहेर आले.

मंगळ., १६
इरा बोलली. पालकांना मागे बसू दिलं. अभय अर्धी रजा टाकून आला, मी सांगितलं नव्हतं. 'ज्यू' म्हणताना तिचा आवाज बारीक झाला नाही. वर्गबाई खाली बघत होत्या. एक आई उठून गेली. मुलं मात्र ऐकत होती. गवताचे बूट आले तेव्हा तर कोणी हललं नाही.
शेवटी एका मुलीने विचारलं, तिला कोणी शोधलं नाही का?
इरा म्हणाली, "माझी पणजी शोधत होती. पण विचारायला तिथे कोणी उरलंच नव्हतं."
हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.
संध्याकाळी शाळेचा मेसेज. पुढच्या आठवड्यात भेटायला या, कारण दिलेलं नाही. अभय म्हणाला, दोघं जाऊ. बघू. आम्ही खोटं काही बोललेलो नाही.

शनि., २०
उद्या सर्वपित्री. अण्णांचा फोन. ताराआजी आपल्या आई-वडिलांचं पान दरवर्षी वाढायची, सोलापूरच्या रीतीने, वरण-भात, खीर, सगळं. रुखलचं कधीच नाही. म्हणायची, ती गेलेली कोणी पाहिलंय?
अण्णा म्हणाले, "आता शंभरी कधीच ओलांडली असती तिने. मीही ऐंशीचा झालो. वाढू का उद्या तिचं पान? तू सांग."
मी म्हटलं, इराला विचारते.
इराने बराच विचार केला. म्हणाली, "पान वाढलं, की शोधणं थांबलं असं होतं का?"
अण्णांना अजून फोन केलेला नाही.