रविवारी हलणारा बाण

प्रिय शहाण्या,

घरात तुला लहानपणापासून याच नावाने हाक मारली, ती आज बदलायचं काही कारण दिसत नाही. फोन केला असता, पण फोनवर तू मध्ये बोलतोस. तुझं उत्तर कायम तयार असतं, आणि ते संपेपर्यंत मला काय म्हणायचं होतं तेच मी विसरते. विसरणं आपल्या घरातच आहे असं तू मागे म्हणाला होतास, तेही लक्षात आहे माझ्या. पत्रात तुला गप्प बसून ऐकावं लागेल. तेव्हा बस.

आधी बातमी. बाबांना गेल्या आठवड्यात वृद्धाश्रमात सोडून आले. खोली बरी आहे. खिडकीतून पार्किंग दिसतं, पलंगाला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा आहे आणि बाथरूमला आतून कडी नाही. कडी का नाही विचारलं तर तिथली बाई म्हणाली, विसरणारी माणसं आत अडकून बसतात. बाबांनी पलंगाच्या कठड्याला हात लावून पाहिला. जन्मभर जिने आणि कठडे आखलेला माणूस. म्हणाले, उंची चुकली आहे, याच्यावरून माणूस सहज पडेल. बाई माझ्याकडे बघून समजूतदार हसली. वर्कशॉपमधली लाकूड कापायची मशिनं आपल्या जुन्या सुताराने नेली. जागेच्या सह्या करायला तू पुढच्या आठवड्यात येतोयस, ते बरंच झालं.

हे सगळं कुठून सुरू झालं ते तुला आठवतं का? बाबांचा जुना कॉम्प्युटर घरघरायला लागला तिथून. जिने आखायचा त्यांचा प्रोग्रॅम जुन्या सिस्टिमवरच चालायचा, आणि दुसरा शिकायचं त्यांचं वय नव्हतं. तू सुट्टीवर आलास, नवा कॉम्प्युटर आणलास आणि त्याच्या पोटात जुना बसवलास. एका चौकटीत उघडणारा, खऱ्याच्या आतला खोटा. बाबांना केवढं कौतुक. आलेल्या गिऱ्हाइकाला जिना राहिला बाजूला, आधी ती चौकट दाखवायचे. माझ्या मुलाने एका कॉम्प्युटरमध्ये दुसरा घातलाय म्हणून सांगायचे.

मग प्रोग्रॅम अडून बसला. लायसन्स बाबांनी रीतसर विकत घेतलं होतं, त्याचा डबा अजून फळीवर आहे. त्यावरचा नंबर घातला की लाल अक्षरांत यायचं, हा नंबर दुसऱ्या मशिनवर वापरात आहे. दुसरं मशीन भंगारात गेलेलं. कंपनीला फोन केला तर त्यांनी अर्धी दुपार गाणं ऐकवलं आणि मग एका मुलीने सांगितलं की कॉम्प्युटरच्या आतल्या कॉम्प्युटरवर हे लायसन्स चालतच नाही, नवीन घ्या. नवीन भाड्याने मिळतं, आणि त्यात जुने जिने उघडत नाहीत. वर ती आतली सिस्टिम वेगळी रुसलेली. पडदा काळा करून कोपऱ्यात लिहायची, ही प्रत अस्सल नाही. बाबांना ते फार लागलं. कोणाची खिळ्यांची पुडी कधी फुकट आणली नाही, आणि सकाळी सकाळी यंत्र तोंडावर चोर म्हणतंय. कोणी येणार असलं की त्या कोपऱ्यावर कागद चिकटवून ठेवायचे.

तू म्हणालास, बाबा, तुम्ही डोकं नका लावू, मी बघतो. आणि परत गेल्यावर तिकडून काहीतरी केलंस. लाल अक्षरं गेली, काळा पडदा गेला. रविवारी संध्याकाळी कॉम्प्युटर चालू ठेवा, मी इथून देखभाल करत जाईन, एवढंच सांगितलंस. काय देखभाल ते आम्ही विचारलं नाही. तुला विचारायची आपल्या घरात पद्धतच नव्हती.

त्यानंतर बाबा विसरायला लागले.

लहानसहान जिने ठीक व्हायचे. चार दिवसांत आखला, छापला, सुताराकडे गेला. पण लायब्ररीचा तो मोठा गोल जिना काही केल्या पुढे सरकेना. सोमवारी सकाळी बाबा वर्कशॉपमधून फोन करायचे, मी पायऱ्या आखल्या होत्या गं, आता नाहीत. मी जाऊन बघायचे तर खरंच काही नसायचं. तुला फोन केला की तू हसून म्हणायचास, बाबा, सेव्ह केलं नसेल तुम्ही. ते शपथेवर सांगायचे की केलं होतं. मग शपथ घेणं बंद झालं. मग म्हणायला लागले, केलं असेल असं वाटतंय. शेवटी तुझ्या आधी तेच बोलायचे, नसेल केलं मी. ही एकेक पायरी ते माझ्या डोळ्यांसमोर उतरले आणि मी हात धरून त्यांना खाली नेत होते. समजुतीने, गोड बोलून. मीही काही कमी नाही.

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा बाबांनी अजून एक सांगितलं. एका रविवारी मी वर्कशॉपमध्ये बसलो होतो तर पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला, कोणीतरी माझं काम पुसतंय. डॉक्टरांनी मान न उचलता ते लिहून घेतलं, मला बाहेर बोलावलं आणि भास होतात म्हणून आणखी एक गोळी वाढवली. त्या गोळीने बाबांचा हात थरथरायला लागला. लायब्ररीवाल्यांनी वाट पाहून काम दुसऱ्याला दिलं, तरी बाबा तो जिना आखतच राहिले. आपलं डोकं शाबूत आहे हे त्यांना स्वतःला दाखवायचं होतं, बाकी काही नाही. वृद्धाश्रमाचं तूच सुचवलंस. चांगल्या ठिकाणी ठेवू, म्हणालास, तुझ्यावर किती भार टाकायचा.

आश्रमात जायच्या दिवशी सकाळीसुद्धा त्यांनी दोन तास काम केलं. या रविवारी मी वर्कशॉप आवरायला गेले. कॉम्प्युटर लावला तर पडद्यावर गोल जिना होता. अख्खा, खालपासून वरपर्यंत, शेवटच्या पायरीला कठडा वळवून बसवलेला. हाताला कंप असताना कसा काढला देव जाणे. मला वाटलं छापून घ्यावा, त्यांच्या खोलीत लावता येईल. प्रिंटरमध्ये कागद घालायला वळले, परत बघते तर बाण चालत होता. माझा हात माऊसवर नव्हता. बाण सावकाश वर गेला, एका ठिकाणी थांबला, दाबलं गेलं. चौकट काळी झाली, पुन्हा उघडली, आणि जिना नव्हता. बाबा तिथे नाहीत हे तुला माहीत होतं. तरी सवयीने केलंस.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला बोलावला. त्याला गंमत वाटली. म्हणाला, लायसन्सशिवाय हा प्रोग्रॅम एकच महिना फुकट चालतो, तो महिना संपू नये म्हणून कोणीतरी आतला कॉम्प्युटर दर रविवारी पहिल्या दिवसावर नेऊन ठेवतंय, भारी डोकं आहे. मी विचारलं, मधल्या दिवसांत केलेल्या कामाचं काय होतं? तो म्हणाला, काय होणार, त्या मशिनपुरतं ते झालेलंच नसतं.

तू आत्ता मनात उत्तर जुळवतोयस. असं पुसलं जाईल हे लक्षातच आलं नाही म्हणालास, तर एवढी वर्षं ज्या हुशारीवर मिरवलास ती कसली म्हणायची? आणि लक्षात आलं होतं, पण सांगायचं राहून गेलं म्हणालास, तर फोनवर हसून सेव्ह केलं नसेल म्हणणारा तू कोण? दोन्हीपैकी जे सोसवेल ते घे. मला कळवायची गरज नाही, मला दोन्ही सारखंच.

आता हे पत्र का, ते सांगते. मंगळवारी आश्रमात जाऊन मी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडतील, पिशवी भरतील, घरी चल म्हणतील. ते खिडकीतून गाड्या बघत बसले. मग एवढंच विचारलं, म्हणजे गोल जिना मी पुरा केला होता ना? हो म्हटलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. आणि मग म्हणाले, त्याला यातलं काही सांगू नकोस. पोर मदत करायला गेलं होतं, कळलं तर स्वतःला जन्मभर खात बसेल. माझं काय, मी राहतो इथे, विसरलोय म्हणून चाललंय ते चालू दे. गोळ्याही घेतो. माझा हात हातात घेऊन त्यांनी वचन मागितलं, मी दिलं, आणि घरी येऊन थेट हे लिहायला बसले. त्यांनी तुला माफ केलं. मी केलेलं नाही, आणि तू निवांत झोपावंस असं मला वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात तू त्यांना भेटशील तेव्हा ते विचारतील, आपण कोण? त्याची तयारी चालली आहे. मी निघताना माझ्यावर करून बघितलं, वर विचारलं, जमतंय ना. छान जमतंय. मी सांगितलं नसतं तर तुला संशयही आला नसता. तू समोर बस, तुझं नाव सांग. त्यांनी पुन्हा विचारलं की पुन्हा सांग. दर भेटीला सांगायची तयारी ठेव. तुला कळलंय हे मात्र त्यांना कळू देऊ नकोस. त्यांचं एवढं एक काम तरी पुसू नकोस.

तुझीच, त्याला माझा इलाज नाही,
ताई