ओट्यावरचं टेबल

१० जून

टेबल आलं नाही.

सकाळी ओटा धुतला, फावडी-घमेली आत ओढली, दोन खुर्च्या पुसून ठेवल्या. जूनच्या दर बाजाराला मिशन कॉलेजचं प्रवेशाचं टेबल माझ्या दुकानाच्या ओट्यावर लागतं. एकतीस वर्षं लागतंय. साडेदहाला कॉलेजचा शिपाई भटू आला, तो हात हलवत.

"यंदा टेबल येवाव नही, चाचा. समदं मोबाईलवर शे."

दुपारपर्यंत डोंगरातली चार घरं येऊन ओट्यासमोर उभी राहिली. पोरांच्या हातात पिशव्या, पिशवीत बारावीचा निकाल. कॉलेजात पाठवलं. तिथल्या वॉचमनने कॅफेत पाठवलं. कॅफेवाल्याने विचारलं, ओटीपी कुठल्या मोबाईलवर येणार? मोबाईल भावाचा. भाऊ सुरतेला, बांधकामावर. संध्याकाळी चारही घरं मीठ आणि बियाणं घेऊन वर गेली. निकाल तसेच पिशवीत.

किळस आली. कुणाची, ते अजून ठरत नाही.

१३ जून

कॉलेजात जाऊन फादरांना भेटलो. येऊन तीन वर्षं झाली तरी मी त्यांना नवे फादरच म्हणतो. माणूस वाईट नाही. समोर कागदांचा ढीग, ढिगामागे फादर. म्हणाले, "शब्बीरभाई, आता सगळं वरून ठरतं. लिंक उघडते, लिंक बंद होते. मी काय करू?"

बाजूला कुंदन सर बसले होते. कोरीटच्या बागायतदार घरचे, बोलायला गोड, कपडे कायम इस्त्रीचे. ते म्हणाले, "चाचा, रस्त्यावर बसून प्रवेश द्यायला आपण काय वांगी विकतो?"

मी हसलो. दुकानदाराचं हसू — गिऱ्हाईक वाईटसाईट बोलून गेलं तरी येतं ते. घरी पोचेपर्यंत तोंडावरून उतरलं नाही. त्या हसण्याचीच घाण वाटली.

१७ जून

बाजार. टेबल नाही. आज दोनच घरं आली. डोंगरात बातमी खाली येते त्यापेक्षा लवकर वर जाते.

१८ जून

दुकानात माशा. म्हणून लिहितो.

जुने फादर इथे आले तेव्हा कॉलेज म्हणजे कापसाचं रिकामं गोदाम. पहिल्या वर्षी सात पोरं, सातही गावातली. फादर वैतागले — ज्यांच्यासाठी आलो ती कुठेत? मी तेव्हा सायकलवर बांगड्या लादून पाड्यापाड्यांत फिरायचो. त्यांची बोली तोंडात बसलेली. मी म्हणालो, फादर, ती माणसं कचेरीच्या दारात येत नाहीत. दारात आलं की चपला काढा, हात जोडा, आणि साहेब म्हणणार उद्या या. उद्या यायचं म्हणजे परत वीस कोस. ती फक्त बाजाराला उतरतात.

फादर म्हणाले, "मग आपण बाजारात बसू."

एवढंच. कॉलेज या एवढ्यावर उभं राहिलं. पुढच्या जूनला, आज हे दुकान आहे तिथेच टाकलेल्या माझ्या टपरीसमोर टेबल लागलं आणि एकोणचाळीस नावं झाली. आज मोलगीच्या दवाखान्यातली नर्स, खापरच्या शाळेतले दोन मास्तर, एक तलाठी — सगळी या ओट्यावरून गेलेली. कुणाला बाप्तिस्मा दिला नाही, कुणाला नाव बदलायला लावलं नाही. फादर फक्त विचारायचे, पोरीला पण आणलंस का?

मी चौथी नापास. फादरांची मराठी तोडकीमोडकी, माझं लिहिणं शून्य. मी त्यांना बोली दिली, त्यांनी टेबलामागे बसवून माझा हात वळवला. मी धड लिहिलेला पहिला शब्द म्हणजे कुणा पोराच्या बापाचं नाव, प्रवेशाच्या फॉर्मवर. ही वहीसुद्धा त्याच टेबलाची.

वांगी विकतो म्हणे.

२१ जून

कुंदन सर पेढे घेऊन दुकानात. तेव्हाच समजायला हवं होतं.

कॉलेज तपासायला बाहेरची समिती येतेय. तिच्यासाठी पुस्तिका छापलीय, गुळगुळीत कागद. पहिल्या पानावर कॉलेजचा इतिहास. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत — 'आमचा आगळा उपक्रम: बाजारातील प्रवेश. महाविद्यालय स्वतः चालत पालकांपर्यंत जाते.' खाली फोटो. जुने फादर, टेबल, आणि मागे मी, केस काळे असलेला.

मी म्हणालो, "पण हे तर तुम्ही बंद केलं."

"बंद नाही चाचा, रूपांतर केलं. समितीला प्रत्यक्ष बघायचंय. सव्वीसला ओट्यावर टेबल लावू."

"सव्वीसला बाजार नाही."

"बाजार आम्ही भरवतो, चाचा."

मी हो म्हणालो. इथे कोणी वाचणारं नाही म्हणून खरं लिहितो. एकदा टेबल लागलं की पुढे लागत राहील, अशी आशा होती. आणि पुस्तिकेत माझा फोटो होता. दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं.

२६ जून

बाजार भरवला. भटूने चार टोपल्या मांडल्या — वांगी, मिरच्या, आणि दोन टोपल्यांत काय, तर परत वांगी. जीपमधून पाड्यावरची दहा घरं आणली, बाप आणि एकेक पोरगं. मी त्यांच्याशी बोलायला पुढे झालो तर कुंदन सर कानाशी आले. "राहू द्या चाचा, ते जेवणावर आलेत." मी मागे झालो. एकेक जण पुढे येई, सर नाव लिहीत, पोरगं अंगठ्याइतकी सही करी.

समितीत तिघं. दोघं सावली शोधत होते. एक बाई मात्र चौकस. रजिस्टर उलटून बघितलं, तराजू बघितला, मला विचारलं, "तुम्ही इथे काय करता?" मी म्हणालो, इकडचं तिकडे सांगतो. त्या हसल्या.

तेवढ्यात दलसिंग. नाटकातला नाही, खरा. जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला आला होता, सोबत मुलगी रमिला. त्याच्या बापाच्या अंगणात मी किती रात्री बांगड्यांची पेटी उशाला घेऊन झोपलोय. टेबल दिसताच त्याचं तोंड उजळलं. पिशवीतून निकाल काढला. बारावी सायन्स, एकाहत्तर टक्के. रमिलाला बीएस्सी करायचंय, पुढे नर्सिंग नाही, प्रयोगशाळेत काम. बाईंना तिनेच सांगितलं, नीट मराठीत, मान खाली न घालता.

कुंदन सरांनी माझ्याकडे बघितलं — घ्या, हे तर अजून चांगलं दिसेल. नाव लिहिलं. ती सही करताना बाईंनी तिचा फोटो काढला.

दलसिंगने मला त्यांच्या बोलीत विचारलं, "बांगडीवाल्या, लागलं का नाव?"

मी म्हणालो, लागलं.

बाईंना त्याच्या पिशवीतला आमचूर आवडला. मला पत्ता लिहून दिला, दोन किलो पाठवा म्हणाल्या. गाडी गेली. भटूने टेबल घडी केलं. मी सरांना विचारलं, रमिलाने फी कधी भरायची? ते रुमालाने मान पुसत होते.

"कसली फी? लिंक बावीसलाच बंद झाली. ते जुनं रजिस्टर आहे, मागची कोरी पानं. पुढच्या वर्षी बघू पोरीचं."

२७ जून

जुम्मा. नमाजेत मन नव्हतं. कुंदन सरांची किळस, फादरांची किळस, पण सारखं ऐकू येतं ते माझंच — लागलं. तेही तिच्या बापाच्या बोलीत. ती बोली मी बांगड्या विकायला शिकलो होतो.

बायकोला, रजियाला सांगितलं. तिने पोळी तव्यावरच ठेवली. "तुमने बोला ना, लगा? तो अब लगाओ."

३० जून

फादरांच्या खोलीत मी, फादर, कुंदन सर. फादरांना लिंकचं माहीत नव्हतं म्हणाले. पेन सरळ केला, कागद सरळ केले. "शब्बीरभाई, आधी संस्था टिकली पाहिजे. मान्यता गेली तर कोणालाच शिकवता येणार नाही." खरं आहे. खरं बोलूनही माणूस किती घाण वाटू शकतो.

मी आवाज चढवला नाही. म्हणालो, "त्या बाईंना आमचूर पाठवायचाय. पार्सलात सोबत चिठ्ठी टाकावी म्हणतो. काय लिहू?"

कुंदन सर उठलेच. "चाचा, ही धमकी आहे?"

"छे हो. चिठ्ठी. त्यांनी पोरीचा फोटो काढलाय, पोरगी कशी आहे ते कळवायला नको?"

फादरांनी हातानेच कुंदन सरांना खाली बसवलं. मग म्हणाले, व्यवस्थापनाच्या कोट्यातली एक जागा असते, तिला लिंक लागत नाही.

४ जुलै

कुंदन सर दोन कागद घेऊन आले. एक रमिलाचं प्रवेशाचं पत्र, शिक्क्यासह. दुसरा माझ्या नावाने टाईप केलेला — 'मी स्थानिक व्यापारी, लिहून देतो की याही वर्षी जून महिन्याच्या प्रत्येक बाजारात महाविद्यालयाचे प्रवेशाचे टेबल माझ्या दुकानासमोर लागले व मी स्वतः उपस्थित होतो.'

"समितीला साक्षीदार पाहिजे. तुम्ही सही करा, मी पत्र देतो."

किती सराईतपणे बोलले. मापात मारणाऱ्याचासुद्धा हात थोडा थरथरतो.

"उद्या सांगतो," मी म्हणालो. साहेबासारखं.

५ जुलै

सही केली.

जुन्या फादरांनी शिकवलेली, सावकाश, काना-मात्रा न चुकवता. पत्र मोलगीच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिलं, दलसिंगच्या हातात द्यायला सांगितलं. पोरीचं काम झालं. तोंडाला मात्र दिवसभर चव नाही.

रजिया म्हणाली, "एक तो बच गयी."

१४ जुलै

आज कॉलेज उघडलं. रमिला हॉस्टेलला पोचली. दलसिंग दुकानात येऊन गेला, चहा घेतला नाही, घाईत होता. म्हणाला, बाकीचे उद्या उतरतील. कोण बाकीचे, ते विचारायचं राहिलं. गिऱ्हाईक होतं.

१५ जुलै

शटर उघडलं तर ओट्यावर पेट्या. दहा पेट्या, दहा वळकट्या, दहा पोरं, त्यांचे बाप. तेच — जेवणावर आलेले. दोघांनी निकाल हातातच धरलाय.

भटूला बोलावून विचारलं, पाड्यावर जाऊन तू सांगितलं काय होतंस?

"येगळं काय सांगसू, चाचा? दरसाल सांगस तेच. टेबल लागनार शे, पोरेसले संगे लई या."

रजिस्टरात अकरा नावं होती. मी एकच वाचलं.

दुकान बंद. पेट्या टेम्पोत चढवतोय, कॉलेजच्या दारात उतरवायला.