काळ्यावर गाजरी

प्रिय मधे,

मधुरिमा हे नाव तुझ्या आईने ठेवलं. ते लिहिताना माझं पेन दोनदा अडकतं, म्हणून मधीच. आणि प्रिय लिहिलंय ते रीत म्हणून. सध्या तू मला अजिबात प्रिय नाहीस. आठ दिवस झाले, तू माझा फोन घेत नाहीस. बापाचा घेतेस, पण त्याने माझ्या हातात दिला की तुझी मीटिंग लागते. रविवारी संध्याकाळी सात वाजता खरडच्या भाड्याच्या खोलीत कसली मीटिंग गं? म्हणून हे पत्र. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, जोडाक्षरं चुकतील, तिथे हसून घे. हेरंब म्हणाला, आई, तू सांग, मी टाइप करून पाठवतो. मी म्हटलं, यातलं काही तू वाचायचं नाही. आणि मराठी वाचता येत नाही हे कारण मला सांगू नकोस. शाळेत हिंदी वाचलीस, अक्षरं तीच आहेत. बोलतेस हिंदीत, पण माझ्या शिव्या बरोबर कळतात. मग हेही कळेल.

आधी चौकीदाराचं सांगते, म्हणजे राग कुठून आला ते समजेल. त्या रविवारी तू यायच्या आधी मी नरेशला चहा द्यायला खाली उतरले. थंडी एवढी की चहा लिफ्टमध्येच निवला. त्याच्या केबिनमध्ये बघते तर खिळ्याला माझ्या चार वस्तू टांगलेल्या. पिवळी ओढणी, पोपटी स्टोल, लिंबू रंगाची शाल आणि ते नारिंगी जाकीट, ज्याची चेन बदलायला मी मार्केटात तीन चकरा मारल्या. पाचवी वस्तू, मी विणलेला हळदी मफलर, खुद्द नरेशच्या कानांना. त्याला वाटलं मी तो मागायलाच आले, सोडायला लागला बिचारा. म्हणाला, "माताजी, बिटिया जाते टाइम यहीं रख जाती है. बोलती है, अगले संडे ले लूँगी." म्हणजे दिवाळीपासून दर रविवारी तू माझ्या डोळ्यांदेखत काळ्या कपड्यांवर रंग चढवतेस, दारात वाकून नमस्कार करतेस, लिफ्टने खाली जातेस आणि गेटवर सगळं उतरवून चौकीदाराला नटवतेस. आपली बाल्कनी मार्केटच्या रस्त्यावर आणि गेट मागच्या अंगाला, म्हणून मला इतके दिवस पत्ता नाही. एवढी अक्कल नोकरीत लावली असतीस तर आत्तापर्यंत कंपनी तुझ्या नावावर झाली असती.

मग तू आलीस. काळे बूट, काळी जीन्स, काळा कोट, काळं हेल्मेट, आणि स्कूटर तीही काळी. बरोबर तुझ्या ऑफिसातला तो नागपूरचा हृषीकेश. तोही तसाच, दोघं मिळून कोळशाच्या पोत्यासारखे दिसत होतात. मुलगा वाईट नाही, मटारची उसळ मागून घेतली त्याने. मी त्याच्या देखत बोलले हे चुकलं असेल. चुकलं म्हणायची मला सवय नाही, म्हणून 'असेल'. मी म्हटलं, आमच्याकडे कपडे नातीसाठी घेतात आणि घालतो चौकीदार. तो हसला. तुझं तोंड उतरलं ते मला दिसलं, दिसूनही मी थांबले नाही. तू म्हणालीस, पिवळं घालून गेले की ऑफिसात सगळे मला ट्रॅफिक कोन म्हणतात. ते काय असतं ते हेरंबने मला सांगितलं, रस्ता खणला की उभं करतात ते नारिंगी टोपडं. मी म्हटलं, मग बरंच आहे की, त्याला कुणी धडकत नाही. त्यावर तू ताटावरून उठलीस आणि म्हणालीस, "आजोबा होते ना, तो मुझे कभी नहीं टोकते." मी तुझं ताट उचललं. उर्मिला माझ्याकडे बघतच राहिली. तुझी आई या घरात येऊन सत्तावीस वर्षं झाली, मी भांडण अर्धवट सोडलं असं तिने कधी पाहिलं नव्हतं. हृषीकेश हातात घास धरून बसला होता, तोही ठेवून तुझ्यामागे धावला. साडेपाच वाजले होते आणि खाली धुकं उतरलं होतं. तासाभराचा रस्ता, आणि तू नखशिखांत काळी.

तुला वाटतं म्हातारीला काळं अशुभ वाटतं. वेडी आहेस. समोरच्या फ्लॅटमधल्या रागिणीला वाटतं तसं. मी संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसून तिच्या दारात तिळगूळ द्यायला गेले, तेव्हा तिला वाटलं कुणी गेलंबिलं. काळ्याशी माझं भांडण नाही. काळ्यासारखं कापड नाही, मळ लपतो, पोट लपतं, इस्त्री नसली तरी चालते. पण काळं म्हणजे कोरी पाटी, मधे. पाटीवर कायतरी लिहावं लागतं. लिहायचं ते ठसठशीत लिहावं. तू मागे समजूत काढायला मरून ओढणी घेतलीस, गडद निळा स्वेटर घेतलास आणि म्हणालीस, हा बघ आजी, रंग. तो रंग नव्हे, ती काळ्याचीच भावकी. लाल शोभतो असं तुझी आई म्हणते. शोभतो, लग्नात शोभतो. रस्त्यावर त्याचा काही उपयोग नाही. का ते पुढे सांगते.

तुझे आजोबा वाईच्या डेपोत कंडक्टर. चौतीस वर्षं खाकी. सुट्टीच्या दिवशी पांढरा सदरा, लग्नाकार्यात पांढरा सदरा. हेरंबने एअर फोर्स सोडून पंचकुल्यात फ्लॅट घेतला आणि आम्हाला इकडे आणलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हे इथले म्हातारे बघितले. ऐंशी वर्षांचा सरदार, काळा कोट, काळी पँट, आणि डोक्याला आंब्याच्या रंगाची पगडी. दुसऱ्या दिवशी राणी. तिसऱ्या दिवशी पोपटी. कुणी हसत नाही, कुणी वळून बघत नाही. आजोबा बाल्कनीत बसून बघायचे आणि मला सांगायचे, आज पिस्ता होता गं. मी म्हणायचे, बरं, मग खा. त्यातल्या एकाशी त्यांची गट्टी जमली, बलकारसिंग. रोज पहाटे दोघं चालायला जायचे आणि येताना दूध आणायचे. आजोबांचं हिंदी वाईचं, त्यांचं हिंदी पंजाबी, काय बोलायचे देवाला ठाऊक, पण तासभर बोलायचे. एका दिवाळीला बलकारसिंगने नवीन पगडी रंगवून घेतली, गाजरी. इथल्या थंडीतल्या लाल गाजराची नव्हे, आपल्याकडच्या गाजराची. त्यातलं दोन हात कापड फाडून आजोबांना दिलं. आजोबांनी त्याची चार पदरी घडी केली आणि हेरंबच्या जुन्या काळ्या कोटावर गळ्याभोवती गुंडाळलं. मग दोघं निघाले की लांबून कळायचं, एकाचं डोकं गाजरी, दुसऱ्याचा गळा. त्या कापडाला त्यांनी इस्त्रीवाल्याला कधी हात लावू दिला नाही, स्वतः ओल्या हाताने घड्या मोडायचे. बायकोच्या पातळाची एवढी काळजी घेतली नाही कधी.

ते गेले तेव्हा तू पतियाळाला होस्टेलवर होतीस, परीक्षा होती. तुला एवढंच सांगितलं, धुकं होतं, गाडी आली. ते खरं आहे, पण सगळं नाही. तू आता चोवीस वर्षांची आहेस, पगार मिळवतेस, घोडी झालीस, तर पुढचं ऐक. दोघं दुधाच्या बूथसमोर रस्ता ओलांडत होते. गाडीवाला तरुण होता, जोरातही नव्हता, पळूनही गेला नाही. त्यानेच गाडीत घालून इस्पितळात नेलं. पोलिसांसमोर तो जे बोलला ते हेरंबने घरी येऊन सांगितलं, मी दाराआड होते. तो म्हणाला, "सरदारजी की पगड़ी दिखी, तो मैंने गाड़ी दूसरी तरफ काटी. उधर दूसरे बाबाजी थे, वो दिखे ही नहीं. काला कोट था जी." त्या दिवशी बलकारसिंगची पगडी पिवळी होती. काळा कोट दोघांच्याही अंगात होता.

त्यानंतर चार हिवाळे झाले. धुकं पडलं की मी पहाटे शाल घेऊन बाल्कनीत उभी राहते. तुम्हाला वाटतं म्हातारीला झोप नाही. मी माणसं बघते. खाली रस्त्यावर दिव्याचे खांब आहेत, कोण कितव्या खांबापासून दिसायला लागतं ते बघते. काळ्या कपड्यांतला माणूस पहिल्या खांबाखाली येऊनही दिसत नाही, आधी त्याचा खोकला येतो. मरून, निळा, हिरवा गडद, सगळे तसलेच. लाल फसवा आहे, उजाडायच्या आधी धुक्यात तो काळाच दिसतो, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं, आणि मग तुझा लाल स्वेटर मी उसवला. तू महिनाभर रुसली होतीस, मी कसर लागली म्हणून सांगितलं. राणी दोन खांब. पोपटी दोन, ऊन असलं तर जास्त. पिवळा आणि लिंबू तीन. झाडूवाल्या बायकांची नारिंगी जाकिटं तिसऱ्या खांबाच्याही पलीकडून दिसतात, म्हणून तुला तसलं जाकीट. हे रंग तुझ्या रूपाला खुलतात म्हणून निवडले नव्हते गं. तुझं रूप काय, आहे ते आहे. आणि काळ्यावरच ते जास्त उठतात, पांढऱ्यावर धुक्यात विरघळतात, म्हणून मी तुला काळं सोड असं एकदाही म्हटलं नाही. आठवून बघ. वर एक काहीतरी घाल एवढंच म्हटलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. चार दिवस हे पान कोरं होतं. तू म्हणालीस, आजोबांनी तुला कधी टोकलं नसतं. नसतंच. टोकणारी मी. ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी खाली बाकावर बायका बसल्या होत्या, रागिणी म्हणाली, अंकलजी आजकल बड़े रंगीन हो गए हैं, आणि सगळ्या हसल्या. मला ते लागलं. पहाटे ते आरशासमोर ते कापड गुंडाळत होते तेव्हा मी म्हटलं, जन्म खाकीत गेला आणि आता लाकडं रचायच्या वयात नवरदेव व्हायचंय का, बायका हसतात खाली. त्यांनी कापड सोडलं, चार पदरी घडी केली, दारामागच्या खुंटीला अडकवलं, बरं म्हणाले आणि दुधाची पिशवी घेऊन गेले. दार लागलं तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं होतं, हेही लिहिते. दुपारी बलकारसिंग रडत आले. त्यांनी मला एकच विचारलं, भाभीजी, आज वो कपड़ा नहीं था? मी म्हटलं, धोने में था. आणि आत जाऊन खरंच धुतलं. घरात माणसं बसलेली, आणि मी मोरीत ते कोरडं, स्वच्छ कापड धूत होते. हे हेरंबला माहीत नाही, उर्मिलेला नाही, आता तुला आहे. त्यांनी तुझ्यासारखी माझी फसवणूक केली असती, खाली जाऊन गुपचूप ते गळ्यात बांधलं असतं, तर आज तुला ओरडायला ते इथे असते, आणि ते ओरडले नसते. कापड या पत्रासोबत आहे. बुधवारी हृषीकेश कामासाठी पंचकुल्याला येणार आहे, त्याने उसळीचे आभार मानायला फोन केला होता, तुझ्यापेक्षा त्याला जास्त वळण आहे. त्याच्या हाती देते, आणि त्यालाही पोपटी स्टोल बांधूनच गेटबाहेर सोडणार आहे. तिळगूळ पाठवत नाही, गोड बोलण्याजोगं अजून काही झालेलं नाही. ते कापड तुझ्या काळ्या कोटावर बांध, हेल्मेटच्या खालून बाहेर येईल असं, आणि रविवारी ते बांधून इथे ये. मी बाल्कनीत उभी असेन, मार्केटच्या रस्त्याने ये, गेटकडून नको. ऑफिसातले हसले तर हसू देत. मी हसणाऱ्यांना घाबरले, तू घाबरू नकोस. हसायला आधी माणूस दिसावा लागतो. त्यांना तू दिसलीस, एवढं मला पुरे.

तुझीच, आणि अजून रागातच,
आजी