दुपारी, जेवणानंतर

सोम. १० नोव्हें.
सकाळी दोघं चालायला. सुमन पुलापर्यंत नीट आली, परत येताना दोनदा थांबली. दम लागतोय का विचारलं, तर म्हणे, "पित्त हाय हो. सोमवार ना आज, पोटात काय न्हाई."
असेल. ऑगस्टात हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवल्यापासून डॉक्टरांचा एक शब्द तिनं खाली पडू दिलेला नाही. तीस वर्षांची मिश्री एका दिवसात सोडली. लोणचं-पापड बंद, भाजीत मीठ नावाला. बायको आजारी आणि पथ्य जमत नाही ते मला. डेअरीत जन्मभर लोकांच्या दुधाचं फॅट काढलं, पण स्वतःचं रक्त तपासायचं म्हटलं की पाय मागं.

बुध. १२
लेकीचा फोन, नाशिकहून. मनीषाचं एकच पालुपद, "अण्णा, आईच्या गोळ्या चुकत नाहीत ना?" म्हटलं, चुकतील कशा, मी रात्री न विसरता विचारतो आणि ती "झाल्या" म्हणते. वर फुशारकी मारली, आमच्याकडं सगळं वेळच्या वेळी.
थंडी वाढलीय.

गुरु. १३
दुपारी साडेतीन. दोरीवरचे कपडे काढत होती, कपड्यांसकट मटकन खाली बसली. घामानं चिंब. शेजारच्या रमेशनं गाडी काढली, संगमनेर. रस्ताभर माझा हात घट्ट धरून. बोलली एवढंच, "गॅस बंद केला का?"
डॉ. म्हणाले, स्प्रिंग घातली होती तिथंच रक्ताची गुठळी झाली. फुगा घालून नळी उघडली. जीव वाचला म्हणाले, पुढचं दोन दिवसांनी सांगतो.
"दुपारची गोळी रोज घेत होत्या ना? रक्त पातळ करायची?"
"रोज," मी म्हटलं.

शुक्र. १४
तिचा चष्मा, दोन साड्या न्यायला घरी आलो. चष्मा देव्हाऱ्यापाशी. शेजारी मेथ्यांचा जुना डबा, सहज उघडला.
आत गोळ्या. नुसत्या दुपारच्या. पाकिटातून एकेक कात्रीनं कापून नीट ठेवलेल्या. वाया जाऊ नयेत म्हणून असेल.
कॅलेंडरपुढं उभा राहून जुळवत बसलो. सोमवार. गुरुवार. एकादश्या. संकष्टी. नवरात्राचे तर नऊ दिवस सलग. तिचे उपास आणि डब्यातल्या गोळ्या, एकीनंही फरक नाही.
फळीवर डॉक्टरांचा कागद. ते इंग्रजी तिला वाचता येत नाही म्हणून मीच खाली मराठीत लिहून दिलेलं, ठळक अक्षरात. दुपारी, जेवणानंतर. वर दमही भरलेला, जेवल्याशिवाय घेतलीस तर पोट जळेल, याद राख.
कुलूप लावायला विसरलो. अर्ध्या वाटेवरून परत आलो.

शनि. १५
आत पाच मिनिटं सोडलं. मला बघून म्हणाली, "आज एकादस ना? नर्सबाईंनी पेज पाजली वं मला."
मला राहवेना. विचारलं, उपासाला गोळी का नाही घेतलीस?
माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मलाच काही झालंय. "उपासाला जेवन कुठं असतं? फराळ असतो. तुमीच म्हनला, जेवल्यावरच घ्यायची."
रागानं नाही. मी सांगितलेलं तिनं पाळलं, एवढंच सांगत होती. मीही त्याच घरात राहतो. तिच्या उपासाची खिचडी मीही खातो. खिचडी खाऊन "जेवलो" असं मीसुद्धा कधी म्हटलेलं नाही. तरी लिहिताना सुचलं नाही.
बाहेर मनीषा डॉक्टरांवर तुटून पडली होती. "तीन महिन्यांत बंद पडते म्हणजे स्प्रिंगच खराब घातलीत तुम्ही!" कॉरिडॉरमधली माणसं वळून बघत होती. डॉ. खाली मान घालून ऐकून घेत होते. मला सगळं माहीत होतं आणि मी भिंतीवरचा बीपीचा तक्ता वाचत उभा राहिलो. सगळा वाचला.
असा भेकडपणा याआधी माझ्या हातून झालेला आठवत नाही.

रवि. १६
सांगितलं. आधी मनीषाला, मग दोघं डॉक्टरांकडं.
मनीषा म्हणाली, "अण्णा, रिटायर होऊन दोन वर्षं झाली. दिवसभर घरात असता. दुपारी आई गोळी घेते की नाही, तुम्हाला एकदाही दिसलं नाही?"
दुपारी मी झोपतो. हे काय उत्तर आहे?
डॉक्टर चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, जेवण, फराळ, काहीच नसेल तर नुसतं पाणी, पण ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही. आणि आता उपास बंद. हृदयाचं पंपिंग निम्म्यावर आलंय, पुन्हा असं झालं तर हाताला लागायच्या नाहीत.
मनीषानं त्यांची माफी मागितली.

शुक्र. २१
घरी आणलं. न्हाणीघरापर्यंत चालली की खाटेवर बसून दम खाते. मनीषा उद्या जाणार, पोरांच्या परीक्षा. फळीवरचा कागद फाडून टाकला. नवीन लिहिला: दुपारी एक वाजता. बाकी काही नाही.

सोम. २४
एक वाजता ताट वाढलं. भाकरी, दोडक्याची भाजी, बिनमिठाची. दवाखान्यातला सोमवार पेजेवर गेला; सव्वीस वर्षांत सोमवारी दुपारी ताटावर बसून ती पहिल्यांदा जेवली. घास तोंडात नुसता फिरत होता. मी समोर बसून राहिलो, पोलिसासारखा. अर्धी भाकरी खाल्ली. गोळी घेतली. मग भिंतीकडं तोंड करून पडली.
रडत होती. मी विचारलं नाही. जिंकलो असं वाटायला हवं होतं.

गुरु. २७
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. शेजारणींच्या घरी घट मांडलेले. आपल्याकडं नको म्हटलं, तर लगेच "बरं" म्हणाली. तेव्हाच शंका यायला हवी होती.
सकाळचा चहा तसाच गार. तांब्याही भरलेला. एक वाजता ताट आणलं, तर हात जोडले.
"आजचा दिस मला काय बोलू नका. पानीबी न्हाई."
ओरडलो. आजारी माणसावर ओरडलो. डॉक्टर, पंपिंग, मनीषा, सगळं काढलं. तिनं ऐकून घेतलं.
"सोमवार मोडला ना माझा. त्यो भरून काढायला नको?"
"कसला भरून काढतेस? कुणासाठी?"
"सोमवार काय माझ्यासाठी हुता व्हय?"
तेव्हा कळलं. कावीळ झाली होती मला, डोळे हळद. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्या वर्षी धरला तिनं. मी बरा झालो, विसरलो, आणि ती सव्वीस वर्षं माझ्या नावानं उपाशी.
म्हटलं, मला काय धाड भरलीय आता?
"सोमवारपासून बघतेय. तुमी जेवत न्हाई, झोपत न्हाई. लई सुकलाय. माझ्यामुळंच."
मी हिच्या काळजीनं सुकतोय आणि हिला वाटतंय, सोमवार मोडल्यानं. शेवटी म्हटलं, तू गोळी घेईपर्यंत मीही पाणी घेणार नाही. वाटलं, आता तरी विरघळेल.
"घेऊ नका," म्हणाली. "दोघांचा मिळून चांगला पावंल."
आणि हसली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा.
तीन वाजून गेले. ताट झाकून ठेवलंय, गोळी वाटीत. ती डोळे मिटून पडलीय, ओठ सुकलेत, छाती वरखाली होतेय ती मी मोजतोय. मनीषाला फोन लावला, ती शाळेत वर्गावर, उचलत नाही. मलाही तहान लागलीय.