शिकायला आलेल्या मुली

प्रिय वासंती मॅडम,

गेल्या आठवड्यात मी आपल्या नर्सिंग कॉलेजच्या मुलींना एका हॉस्पिटलमधून परत आणलं. प्रशिक्षणाचं पोस्टिंग अर्धवट सोडून, तडकाफडकी. तेव्हापासून प्राचार्य सर माझ्याशी कामापुरतंच बोलतात. असं काही झालं की पूर्वी मी कॉलेज सुटल्यावर तुमच्याकडे कासारवाडीला यायचे. तुम्ही भाजी निवडत सगळं ऐकून घ्यायचात आणि शेवटी एखादंच वाक्य बोलायचात. आता कुठे जाऊ? तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. म्हणून लिहायला बसले.

आपली पहिली भेट आठवते? मी तर प्रवेश घ्यायला आलेच नव्हते! माझ्या मैत्रिणीला, शबानाला, सोबत म्हणून आले होते. चाकणच्या एका कंपनीत मी तेव्हा कंत्राटावर पॅकिंगला होते. शबानाचे कागद बघता बघता, मान वरही न करता तुम्ही विचारलंत, "आणि तू?"

"मी आर्ट्सची आहे, मॅडम. नर्सिंगला सायन्स लागतं."

"बीएस्सीला लागतं. एएनएमच्या कोर्सला नाही. आधी एएनएम कर, नोकरीला लाग. मग जीएनएम, त्यानंतर पोस्ट बेसिक. शेवटी पदवी तीच मिळते. रस्ता लांबचा आहे, पण बंद नाही."

बारावी होऊन इतके दिवस झाले होते, मला हे कोणीच कसं सांगितलं नव्हतं?

आणि मग तुम्ही आमच्या भोसरीच्या खोलीवर आलात. आप्पा वर्कशॉपमधून नुकतेच आलेले, हाताला ऑईल तसंच. परभणी सोडून किती वर्षं झाली तरी त्यांची बोली गेली नव्हती. "मॅडम, लोकाची घाण काढायला लेक पाठवू का मी? तुमीच सांगा."

मला वाटलं, आता तुम्ही त्यांना सेवा वगैरे सांगाल. तुम्ही सरळ म्हणालात, "काढावी लागेल. खोटं कशाला सांगू? तुमच्या आईच्या आजारपणात कोणी केलं सगळं?"

आप्पांनी माझ्या आईकडे बघितलं. "हिनंच केलं की."

"त्यांनी न शिकता केलं. ही शिकून करेल."

आप्पांनी चहाचा कप तुमच्याकडे सरकवला. आमच्या घरात याचा अर्थ होकार असतो, हे तुम्हाला कसं कळलं?

दुसऱ्या वर्षी एका खासगी हॉस्पिटलमध्ये आमचं पोस्टिंग लागलं. तिथल्या नर्सच्या हाताखाली राहून शिकायचं, असं तुम्ही समजावून पाठवलं होतंत. पण हाताखाली राहायला तिथे नर्सच नव्हत्या! एका दुपारी बायकांच्या अख्ख्या वॉर्डात मी एकटी होते. एका आजींचं सलाईन संपत आलेलं, त्यांचे नातेवाईक ओरडत होते. मला कोणीतरी फोनवरून एक इंजेक्शन द्यायला सांगितलं होतं, त्याचं नावही मी तोवर ऐकलं नव्हतं. मी ते दिलं नाही. ट्रे हातात धरून नुसती रडत उभी होते.

तेवढ्यात तुम्ही न सांगता राउंडला आलात.

"तुझ्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

तुम्ही आधी हात धुतलेत. आजींचं सलाईन बघितलंत, नातेवाइकांना खाली बसवलंत. मग मेट्रनच्या खोलीत गेलात. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"या मुली शिकायला आल्यात. तुमच्या रिकाम्या जागा भरायला नाही."

"सगळीकडे असंच चालतं हो, मॅडम. पटत नसेल तर घेऊन जा."

"घेऊन जाते."

आणि खरंच घेऊन निघालात!

बसमध्ये तुम्ही खिडकीशी जाऊन बसलात. आमचं लेबर रूमचं पोस्टिंग शिल्लक होतं आणि ते झाल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नव्हतं. शबाना माझ्या कानात पुटपुटली, "तत्त्व मॅडमचं, वर्ष आपलं." मॅडम, आज लाडाने तक्रार करते. तेव्हा आमच्याशी एक शब्द बोलायला काय हरकत होती? पुढे काय करणार आहात, एवढं तरी सांगायचं! पुष्कळ नंतर तुम्हीच कबूल केलंत की पुढचं काही ठरलेलंच नव्हतं. म्हणून तुम्ही खिडकीबाहेर बघत बसला होतात.

मग नव्या जागेसाठी तुमची स्कूटर सुरू झाली. तळवडे, आळंदी, राजगुरुनगर. कुठे आधीच दुसऱ्या कॉलेजच्या मुली, कुठे खाटाच कमी, कुठे साहेब मीटिंगला गेलेले. शेवटी चाकणच्या पुढच्या एका सरकारी रुग्णालयात प्रसूती विभागाच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "मुली घेते. पण तुमचं एक माणूस कायम इथं पाहिजे. पोरींच्या मागं फिरायला मला वेळ न्हाई." दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगताना तुम्ही केवढ्या हसत होतात! "मी जे मागणार होते, त्याचीच त्यांनी मला अट घातली."

रोज भोसरीहून बस. रस्त्यावर नव्या कोऱ्या गाड्या लादलेले लांबलचक ट्रेलर, त्यांच्यामागे आपली बस रखडलेली, आणि तुम्ही मागच्या सीटवरून प्रसूतीच्या पायऱ्या म्हणून घेताय. कंडक्टरचे कान लाल व्हायचे.

तिथली रिंकी विसरले नाही मी. बिहारची, पहिलटकरीण. नवरा कंपनीत शिफ्टला गेलेला, सासू गावी. तिने माझा हात असा धरला की बांगडी फुटली. "दीदी, जाना मत." दुपार व्हायच्या आत बाळ आलं. सिस्टरांनी ते माझ्या हातातल्या कापडात दिलं, आणि ते रडेना.

माझं डोकं रिकामं झालं. कानाशी तुमचा आवाज आला, नेहमीसारखाच. "पूस. नीट कोरडं कर. पाठ चोळ. अजून चोळ."

आणि ते रडलं! कसलं रडलं! रिंकी हसत होती, मी रडत होते, सिस्टर दोघींवर ओरडत होत्या.

बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, "हात थरथरत होते?"

"हो, मॅडम."

"थरथरू देत. थांबले नाहीत ना, झालं तर."

आमची सगळी बॅच परीक्षेला बसली. पुढेही तुम्ही मला स्वस्थ बसू दिलं नाहीत. नोकरीत रुळले तर जीएनएमचा अर्ज पुढे केलात. लग्न झालं तर अक्षता टाकायला येऊन, स्टेजवर, फोटोवाल्यासमोर विचारलंत, "पोस्ट बेसिकचं काय?" नवरा बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. पदवी मिळाली आणि मी तुमच्याच कॉलेजात, तुमच्याच हाताखाली शिकवायला आले. त्या दिवशी आप्पांनी शेजारपाजारी पेढे वाटले.

पण मॅडम, एका गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. जिन्यात तुम्ही मध्येच थांबायचात आणि मोबाईल बघतेय असं दाखवायचात. तुम्हाला धाप लागत होती! पाय सुजत होते, म्हणून चपला बदलल्यात. आम्हाला पेशंटचा चेहरा वाचायला शिकवणाऱ्या बाईंनी स्वतःचा चेहरा आमच्यापासून लपवावा? "मुलींची परीक्षा होऊ दे, मग दाखवते डॉक्टरांना." कोणती परीक्षा, मॅडम? आपल्याकडे एक संपली की दुसरी असतेच.

शेवटी तुम्हाला ॲडमिट केलं तेव्हा त्या वॉर्डात ड्युटीवर होती शबाना. एवढी अनुभवी शबाना, पण तुमच्या हाताची शीर तिला सापडेना. दोनदा चुकलं. तिचे डोळे भरले. मी शेजारीच उभी होते. तुम्ही ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला करून म्हणालात, "शबाना, पेशंट कोण आहे ते विसर. शीर बघ." तिसऱ्या वेळी लागली. तुम्ही तिच्याकडे बघून मान हलवलीत, पास केल्यासारखी. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात. शबाना अजून म्हणते, तेवढी कठीण परीक्षा तिने कधी दिली नाही.

आता मुलींच्या पोस्टिंगचं काम माझ्याकडे आहे. यंदा एका मोठ्या हॉस्पिटलने सरांना सांगितलं की सगळ्या विभागांची सोय आम्ही करतो, फक्त तुमची शिक्षिका पाठवू नका, मुलींचं आमचं आम्ही बघतो. मी नको म्हटलं. सर म्हणाले, "बघू तर खरं, एवढी चांगली जागा परत मिळायची नाही." मुली गेल्या, आणि चौथ्या दिवशी मी न सांगता गेले. दुसऱ्या वर्षाची आरती दोन वॉर्डांत मिळून एकटी धावत होती. घशाला कोरड पडलेली, पाणी प्यायलाही वेळ नाही.

मी तुमच्याइतकी धीट नाही. तिथल्या साहेबांशी अडखळतच बोलले. पण मुलींना आणलं. एक गोष्ट मात्र मी वेगळी केली, रागावू नका. बस सुरू झाल्यावर उभी राहिले आणि सांगून टाकलं, "पुढचं ठिकाण अजून माझ्याकडे नाही. आजपासून शोधते. तुम्हाला काळजी वाटत असेल तर तसं मला तोंडावर बोला." बोलल्या की! आरतीची आई फोनवर बोलली, सर बोलले, दोघीतिघी रडल्या. सगळं ऐकून घेतलं.

आठवडाभर फिरले. आज मारुंजीकडच्या एका आरोग्य केंद्राने होकार दिला, पण निम्म्याच मुलींना. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "बरं. बस किती वाजता सोडायची?" एवढंच. मला तेवढं पुरलं.

व्हरांड्यात कोणी "मॅडम!" अशी हाक मारली की अजूनही मी वळून बघते, तुम्ही आलात की काय म्हणून. मग लक्षात येतं, हाक मलाच आहे.

उरलेल्या निम्म्या मुलींची सोय अजून व्हायची आहे. आरती त्यांच्यातच आहे. उद्या सकाळी आळंदीच्या बाजूला जाते, तिथे नाही जमलं तर आणखी पुढे. मॅडम, शब्द देते. आरती परीक्षेला बसेल, आणि शिकून बसेल. आणि हो, उद्या निघायच्या आधी मी माझं स्वतःचं बीपी तपासून घेते. आरतीकडूनच.

तुमची विद्यार्थिनी,
संगीता